तीन वर्षे थांबण्याची सक्ती आणि मार्कस लॅटिमोरचा गुडघा

मूळ धागा

२७ ऑक्टोबर २०१२ रोजी साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या कोलंबिया येथील मैदानावर टेनेसी विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात मार्कस लॅटिमोरचा उजवा गुडघा सांध्यातून निखळला. लॅटिमोर हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत घेऊन समोरच्या खेळाडूंच्या भिंतीवर धावून जाणारा खेळाडू. गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला वळलेला पाहून टेनेसीचे खेळाडूही त्याच्याभोवती जमले. एकविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता आणि डाव्या गुडघ्याची मोठी दुखापत होऊन जेमतेम वर्ष झाले होते. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला चौथ्या फेरीत निवडले. पण एनएफएलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली.

दुखापत कोणालाही होऊ शकते, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो शाळा संपल्यावर तीन वर्षे उलटल्याशिवाय एनएफएलमध्ये प्रवेश न देणाऱ्या नियमाला. २०१० मध्ये, महाविद्यालयातील पहिल्याच वर्षी, लॅटिमोरने १,१९७ यार्ड धाव घेतली आणि धावून १७ टचडाउन केले, म्हणजे इतक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. त्या वर्षी फ्लोरिडाविरुद्धच्या ज्या सामन्याने विद्यापीठाला प्रथमच विभागीय विजेतेपद मिळवून दिले, त्यात चेंडू ४० वेळा त्याच्याच हाती दिला गेला. चाळीस वेळा चेंडू घेणे म्हणजे शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांकडून जवळजवळ तितक्याच वेळा जमिनीवर आपटले जाणे, आणि हे सोसणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. मोबदला म्हणून त्याला शिष्यवृत्ती, निवास आणि भोजन मिळाले. तिकिटांचा आणि प्रक्षेपणाचा पैसा विद्यापीठाकडे गेला. शरीर झिजवण्याची परवानगी आहे, पण त्याचे मोल घेण्याची नाही, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते.

प्रतिसाद १

आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. महाविद्यालयात एकोणीस वर्षांच्या मुलाला टॅकल करणारे, म्हणजे धरून पाडणारे, बहुतेक खेळाडू अठरा ते बावीस वयाचे असतात. एनएफएलमध्ये तिशीतले, दहा-दहा वर्षे ताकद कमावलेले पुरुष समोर उभे राहतात. बास्केटबॉलमध्ये लेब्रॉन जेम्स २००३ साली शाळेतून थेट व्यावसायिक लीगमध्ये गेला, हे उदाहरण नेहमी दिले जाते, परंतु त्या खेळात प्रत्येक चालीला अंगावर अशी धडक बसत नाही.

शिवाय दुसरा रनिंग बॅक एड्रियन पीटरसन याच्याकडेही पाहावे. २००४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात पहिल्याच वर्षी १,९२५ यार्ड धावलेल्या या मुलालाही थांबावे लागले. २००६ मध्ये त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. तरीही २००७ मध्ये तो ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला आणि त्याच हंगामात त्याने एका सामन्यात २९६ यार्डांचा विक्रम केला. थांबल्याने त्याचे काय बिघडले?

प्रतिसाद २

बिघडते ते हिशोबात. २०११ पासून ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा आणि ठरावीक चौकटीतला असतो. मोठी रक्कम मिळते ती दुसऱ्या करारात. एकवीस-बाविसाव्या वर्षी आत आलेला रनिंग बॅक त्या टप्प्यावर पंचविशी ओलांडतो, आणि तेव्हा संघ त्याचे पाय थकल्याचे कारण पुढे करतात. चेंडू फेकून चाली चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला तीन वर्षे शिकायला मिळतात, म्हणून त्याचा फायदाच होतो. रनिंग बॅकच्या खात्यातून मात्र ती वजा होतात. सर्वांना एकच नियम लावण्यातली खरी चूक ही आहे.

प्रतिसाद ३

हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. ओहायो स्टेट विद्यापीठाला २००२ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाविरुद्ध दावा लावला. फेब्रुवारी २००४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, पण मे महिन्यात अपील न्यायालयाने तो फिरवला; प्रवेशाच्या अटी ठरवणे हा लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील वाटाघाटींचा विषय आहे, असा त्यामागचा विचार होता. मला तो योग्य वाटतो. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत अडीचशेच्या आसपास मुले निवडली जातात. दार उघडले तर लॅटिमोरसारखे दोन-चार आत जातील, आणि त्यांचे पाहून नाव नोंदवणारी कितीतरी मुले शिष्यवृत्तीही गमावून बसतील. त्यांच्या बाजूने कोण बोलणार?

धागाकर्ता

या मुलांचा मुद्दा मी खरोखर विचारात घेतला नव्हता. निवड न झालेल्या मुलाला महाविद्यालयात परत येऊन खेळता आले पाहिजे, ही अट मी माझ्या म्हणण्यात जोडतो. न्यायालयाचा तर्क मात्र मला अजूनही खटकतो, कारण संघटनेत मतदान करणारे खेळाडू आधीच आत असतात, नव्या मुलांच्या येण्याने त्यांच्याच जागा जाणार असतात, आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो तो अठरा वर्षांचा मुलगा त्या टेबलावर नसतो.

प्रतिसाद १

१ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करता येते, आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात. आजचा लॅटिमोर रिकाम्या हाताने घरी जाणार नाही.

धागाकर्ता

पैशाबाबत मान्य. पण एका सामन्यात ४० वेळा चेंडू घेणारा गुडघा तोच राहतो, आणि तो कुठे झिजवायचा हे त्या मुलाला अजूनही ठरवता येत नाही.