शेंगेन व्हिसा: अर्ज कुठल्या देशाकडे करायचा?

प्रश्न: आईबाबा शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) मे महिन्यात पॅरिसला उतरून फ्रान्समध्ये ४ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ६ आणि इटलीत ३ रात्री राहणार आहेत. अपॉइंटमेंट फ्रान्सची सहज मिळतेय. तिथेच अर्ज केला तर चालेल?

प्रतिसाद १: नाही. सर्वांत जास्त मुक्काम जिथे, अर्ज तिथे, म्हणजे स्वित्झर्लंड. दिवस समसमान असते तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघतात. तारीख मिळते म्हणून देश बदलू नका, हॉटेल बुकिंगवरून लगेच कळतं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५. उन्हाळी सुट्टीत तारखा लवकर संपतात, म्हणून फेब्रुवारीतच भरा.

प्रतिसाद २: पासपोर्ट नीट बघा. परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, १० वर्षांच्या आत काढलेला आणि २ पानं कोरी हवीत. विमा ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत लागू आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा. मुंबईहून रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोहोचताना इथेच एका दिवसाची चूक होते.

प्रतिसाद ३: खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्जाच्या तोंडावर आईबाबांच्या खात्यात मोठी रक्कम टाकू नका. उसनी शिल्लक लपत नाही. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत.