रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून नवऱ्याची तपासणी थांबवायची का?

गोदाकाठची_पोर:
ताईचे दोन गर्भपात झाले. दोन्ही वेळा सासरच्यांनी बोट तिच्याकडेच दाखवलं. दाजींच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल नॉर्मल, विषय संपला! पण शुक्राणूच्या आतला डीएनए कोण बघणार? शुक्राणू घडताना डीएनएवरची बहुतेक हिस्टोन प्रथिनं निघून जातात आणि तिथे प्रोटामिन नावाची दुसरी प्रथिनं बसतात. त्यांच्यातलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल धनभारित, डीएनए ऋणभारित, त्यामुळे एवढा लांब धागा इवल्याशा डोक्यात घट्ट मावतो. माणसात प्रोटामिन १ आणि २ जवळपास सारखे लागतात. तोल बिघडला की डीएनए तुटण्याची भीती वाढते. माझं म्हणणं, डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे डीएनए किती तुटलाय याची, तपासणी पहिल्याच भेटीत सक्तीची करा.

सिन्नरची_लॅबवाली:
सक्तीला माझा ठाम विरोध. एयूए-एएसआरएम या अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी सुरुवातीलाच करू नये असंच आहे. शिवाय तिच्यातून डीएनए किती तुटलाय ते कळतं, प्रोटामिनचं प्रमाण नाही. मूल होत नाही म्हणून धास्तावलेलं जोडपं सांगाल त्या तपासणीला पैसे काढतं, हे मी रोज बघते.

गोदाकाठची_पोर:
आणि दोनदा कूस रिकामी झालेल्या बाईने आणखी किती थांबायचं?

सिन्नरची_लॅबवाली:
तिने अजिबात थांबू नये. वारंवार गर्भपात होत असतील तर पुरुषाची ही तपासणी करा, असं त्याच सूचनांत आहे. दोन म्हणजे वारंवारच. माझं भांडण सरसकट सक्तीशी आहे.

निफाडकर_गोठेवाला:
तपासणीआधी माणसाला चार प्रश्न विचारा की! उन्हाचा तडाखा बसला की वळूच्या वीर्याची प्रत पुढचे काही आठवडे घसरते, गायी उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. माणसाचंही तेच. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश गारवा लागतो. एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे आजचा ताप दोन-अडीच महिन्यांनीही रिपोर्टात दिसू शकतो. दाजी काम काय करतात?

गोदाकाठची_पोर:
सातपूरला भट्टीवर असतात, आठ तास. आजवर एकाही डॉक्टरने हे विचारलं नाही.

सिन्नरची_लॅबवाली:
मग उद्याच डॉक्टरांना हे सांगा. आणि तपासणीला या वेळी ताईंना नाही, दाजींना पाठवा.