मदत हवी आहे: हत्तीण रात्री आडवीच होत नाही

नमस्कार मंडळी,

हत्ती सांभाळलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे. मी पशुवैद्य नाही. गेले काही महिने एका निवारा केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे पन्नाशीतली एक हत्तीण आली आहे. आधीच्या जागी तिची बहुतेक वर्षं सिमेंटवर, पायात साखळदंड घालून गेली.

आता साखळदंड नाही, फिरायला मातीचं आवार आहे. पण ती झोपायला आडवी होत नाही. रात्री भिंतीला कपाळ टेकवते, सोंडेचं वेटोळं जमिनीवर टाकते आणि उभ्याउभ्याच डुलक्या काढते. तिच्या कपाळाच्या उंचीवर भिंतीला काळपट डाग पडला आहे. सकाळी गेल्यागेल्या मी तिच्या दोन्ही कुशी बघते. आडवी झाली असती तर एका बाजूला माती लागलेली दिसली असती. आजवर एकदाही दिसली नाही.

मला धास्ती आहे ती पायांची. हत्तीचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. हिच्या उजव्या पुढच्या पायाच्या कडेच्या नखाला उभी भेग आहे आणि नखाच्या वर, कातडीपाशी, हाताला मऊ लागतं. डॉक्टर येतात. रोज पाय धुणं, कोमट पाण्यात बुडवून ठेवणं, वाढलेलं नख कानशीने घासणं चालू आहे. पू हाडापर्यंत गेला तर पुढे फार थोडं हातात राहतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एक्स-रे काढायचा आहे, पण ती पाय उचलून जेमतेम दहा सेकंद ठेवते. मग थरथरते आणि खाली टेकवते.

माहूतकाका तिच्याबरोबरच आले. त्यांचा जीव आहे तिच्यावर, पण हातात अंकुश असतो. अंकुश दिसला की ती पाय उचलते खरी, पण कान अंगाशी घट्ट होतात. हे मला बघवत नाही. त्यांना न दुखावता दुसरी पद्धत कशी सुरू करावी? आणि ती झोपावी म्हणून काय करता येईल?

तासन्‌तास डुलत असते, तेही थांबेल का?

प्रतिसाद:

ताई, तिला झोप नको आहे असं नाही. खाली बसलो तर उठता येणार नाही, ही भीती असणार. सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या हत्तींचं असं होतं. जिथे ती कपाळ टेकवते तिथेच वाळूचा मोठा, उतरता ढीग घाला. आधी ती नुसती रेलेल. रेलूनही पायांवरचा भार बराच उतरतो, आणि उठताना उताराचा आधार होतो. ‘बैठ’ म्हणून हुकूम देऊन बसवू नका. सांध्यांच्या वेदनेवर औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. रात्री कॅमेरा लावा, कुशीवरच्या मातीवरून सगळं कळत नाही.

माहूताला बाजूला काढू नका. तिला सगळ्यांत जास्त तेच ओळखतात. त्यांच्या हातात टोकाला मऊ गोळा बांधलेली काठी द्या. मजबूत कठड्याच्या अलीकडून काठी पुढे करायची, गोळ्याला पाय लागला की शिट्टी आणि लगेच खाऊ. नको असेल तेव्हा तिला निघून जाता आलं पाहिजे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. दहाचे बारा सेकंद झाले तरी तिथेच थांबा.

डुलणं जुनं असेल तर पूर्ण जात नाही, कमी मात्र होतं. मोकळा हत्ती दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. एकदाच मोठा भारा टाकण्यापेक्षा चारा थोडाथोडा, उंच जाळीत टांगून द्या, रात्रीसुद्धा. दुसरी हत्तीण असेल तर आधी कठड्याआडून सोंडेला सोंड लागू द्या.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. वाळू आली. पहिल्या दिवशी तिने ती फक्त पाठीवर उडवली. काल कॅमेऱ्यात दिसलं, पहाटे साधारण वीस मिनिटं ती डाव्या अंगाने ढिगावर रेलली होती. माहूतकाकांनी ते तीनदा लावून पाहिलं. काठी त्यांनी स्वतःच्या हाताने बनवली आहे, गोळ्याला जुनं धोतर गुंडाळून.

आता एकच विचारायचं आहे. कोरडी वाळू घसरून उतार मोडतो, म्हणून रोज पाणी मारावं लागतं. त्या ओलीने नखाची भेग चिघळेल का?