पियानोतल्या टापांपलीकडे
ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या ‘एर्लक्योनिग’ (पिशाच्चराजा) या गाण्यातला पियानो मुलाला घेऊन दौडणाऱ्या बापाच्या घोड्याच्या टापांची नक्कल करतो, हे नेहमीचे मत मान्य आहे, मात्र त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. जर्मन कवी ग्योथेच्या १७८२ सालच्या कथाकाव्यातले निवेदक, बाप, मुलगा आणि पिशाच्चराजा हे चौघेही १८१५च्या या रचनेत एकाच गायकाच्या गळ्यातून बोलतात, आणि मुलाची ‘माइन फाटर’ (‘बाबा’) ही हाक खेपेगणिक वर चढत असताना पियानो तिच्या अगदी लगतचा, कानाला खटकणारा स्वर धरून ठेवतो. मुलाला भुलवणाऱ्या राजाची आमिषे मात्र मेजरमध्ये (पाश्चात्त्य संगीतातल्या उजळ, प्रसन्न वाटणाऱ्या स्वररचनेत), हळुवार येतात (मला तीच अधिक भयंकर वाटतात). शेवटच्या ओळीत टापा थांबतात. मुलगा मेल्याचे गायक जवळजवळ बोलूनच सांगतो आणि पियानो दोन आघातांत गाणे मिटवतो.