अमेरिका की चीन : उद्या सकाळी लढायला तयार कोण?

शाहूपुरीकर
'चीनकडे ३७० च्या वर युद्धनौका, अमेरिकेकडे ३०० पण नाहीत, संपला विषय' हा मेसेज ग्रुपवर फिरायलाय, म्हणून धागा काढला. आकडे खरे आहेत. पण आकड्यांनी लढाई जिंकता आली असती तर २०२२ला रशियानं कीव्ह कधीच घेतलं असतं. तिथं तर रणगाड्यांची रांग रस्त्यातच अडकली.

माझ्या मते अमेरिका बरीच पुढं आहे. चिनी सैन्याचं शेवटचं मोठं युद्ध १९७९चं, व्हिएतनामशी. त्यात लढलेला माणूस आज त्यांच्याकडं जवळपास उरलेला नाही. अमेरिकेच्या विनाशिका २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन पाडत होत्या. त्याच वर्षी चीननं क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या रॉकेट फोर्सचा प्रमुख बदलला आणि संरक्षणमंत्री ली शांगफूंना काढलं. पुढं भ्रष्टाचाराचा ठपका ठेवून पक्षातूनही हाकललं.

तालमीतला पैलवान आणि खासबागेत उतरलेला पैलवान हा दाखला आता कुणी देऊ नका. तो मीच दिला असं समजा.

गोकुळशिरगाव_फौंड्री
अनुभव पाहिजे हे कबूल. पण दारूगोळा संपल्यावर अनुभव काय कामाचा?

१५५ मिमीचा तोफगोळा घ्या. युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिका महिन्याला १४ हजारांच्या आसपास बनवत होती. २०२४च्या अखेरीला कुठं ४० हजारांवर आली. लक्ष्य होतं १ लाखाचं. ते फोर्जिंग, म्हणजे तापलेलं लोखंड दाबून घडवायचं, आमचं ओतकाम, पण दुखणं तेच. ऑर्डर दुप्पट झाली म्हणून माल दुप्पट निघत नाही. भट्टी पाहिजे, मशिनिंगची लाईन पाहिजे, आणि रिजेक्शन कुठं होतंय हे नुसतं बघून सांगणारा कारागीर पाहिजे. तो तयार व्हायला वर्षं जातात. शिरोलीत कुणालाही विचारा.

आता जहाजांचं बघा. जगातली निम्मी व्यापारी जहाजं चीन बांधतो. त्यांची गोदीची क्षमता अमेरिकेच्या २०० पटींहून जास्त आहे, हे अमेरिकी नौदलाच्या गुप्तचर विभागाचंच म्हणणं. पहिल्या महिन्यात दोघांची दहा-दहा जहाजं बुडाली तर पुढची दहा आधी कोण पाण्यात सोडणार?

निवृत्त_सुभेदार (सैनिक टाकळी)
दोघांनीही साठा मोजला. पलटणीत आम्हाला एवढंच विचारायचे, आज किती गाड्या निघतील आणि किती ऑफ रोड, म्हणजे नादुरुस्त, आहेत.

अमेरिकेच्या ११ विमानवाहू नौका आहेत, पण एका वेळी साधारण तिसरा हिस्सा समुद्रात असतो. बाकीच्या सरावात नाहीतर दुरुस्तीत. 'जॉर्ज वॉशिंग्टन' २०१७ला गोदीत गेली ती २०२३ला बाहेर आली. 'बॉइसी' पाणबुडी २०१५नंतर मोहिमेवर गेलीच नाही, दुरुस्तीला नंबर लागेना म्हणून. मार्च २०२३मध्ये एफ-३५ विमानांपैकी ५५ टक्केच कामगिरीवर जाण्याजोगी होती. आणि तांबड्या समुद्राचं एवढं कौतुक चाललंय, तर डिसेंबर २०२४ला तिथंच त्यांच्या क्रूझर युद्धनौकेनं स्वतःचंच एफ-१८ विमान पाडलं, तेही सांगा.

शाहूपुरीकर
सुभेदार साहेब, हे सगळं तुम्हाला कळलं कुठून? त्यांच्याच सरकारी तपासणीतून आणि नौदलाच्या निवेदनातून. चीनची किती विमानं सुट्या भागांवाचून जमिनीवर आहेत याचा एक तरी आकडा दाखवा. एकाची तब्येत रिपोर्ट बघून ठरवायची आणि दुसऱ्याची परेड बघून, ही कसली तुलना?

निवृत्त_सुभेदार (सैनिक टाकळी)
छापलं म्हणून पाणबुडी दुरुस्त होते काय? आपल्या कॅगनं पण २०१७ला छापलं होतं की दारूगोळ्याच्या ४० टक्के प्रकारांचा साठा १० दिवसांचाही नाही. कोठार काय त्या अहवालानं भरलं नाही. त्यासाठी खरेदीच करावी लागते.

वडणगेची_लेक
लढाई कुठं, ते कुणीच बोलेना. लढाई झाली तर तैवानवरून, आणि चीन-तैवानमधली सामुद्रधुनी अरुंद जागी १३० किलोमीटर. अमेरिकेला सगळा पॅसिफिक ओलांडून यायचं, त्यात युरोप आणि आखातही सांभाळायचं. चीनला दारातच लढायचंय. तिथं त्याची अर्धी तयारी पण जड जाईल.

शाहूपुरीकर
ताई, दारातलं पाणी ओलांडणंच अवघड. १९४९ला तैवानच्या ताब्यातल्या किन्मेन बेटावर उतरवलेली चिनी फौज मारली तरी गेली, नाहीतर पकडली गेली. आता त्यांच्याकडं दोन वर्षांच्या सक्तीच्या नोकरीवरची पोरं ढिगानं आहेत. गोळीबारात किनाऱ्यावर उतरायचं तर जुने हवालदार लागतात, हे साहेबच सांगतील.

निवृत्त_सुभेदार (सैनिक टाकळी)
हवालदाराचं शंभर टक्के बरोबर. २०२२ला रशियाचं तिथंच फसलं. पण तोच रशिया मार खात खात शिकला, गोळे वाढवले, अजून लढायलाय. चीन शिकणारच नाही असं कशावरून?

गोकुळशिरगाव_फौंड्री
आणि तो शिकेपर्यंत यांच्याकडं मारायला काय उरणार? जानेवारी २०२३मध्ये वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्यास संस्थेनं तैवानवर युद्धखेळ, म्हणजे लढाईची लुटुपुटूची चाचणी, खेळून बघितला. अमेरिकेची लांब पल्ल्याची जहाजविरोधी क्षेपणास्त्रं आठवड्याच्या आत संपली. आठव्या दिवशी काय टाकणार, सांगा शाहूपुरीकर.

शाहूपुरीकर
त्याच युद्धखेळात बहुतेक डावांत चीनला तैवान घेता आलं नाही, ते का गाळलं? पाणबुड्या होत्या, जपानमधले तळ होते. अमेरिकेचं नुकसान प्रचंड झालं, हे मात्र खरं.

गोकुळशिरगाव_फौंड्री
जपाननं तळ वापरू दिले तर, ही अट होती त्यात. ती पण लिहा की.