परळात पाणी आहे, पक्षी उतरत नाहीत

प्रश्न: बागेत मातीच्या परळात पाणी ठेवलंय. बुलबुल कुंपणावर बसतात, पण पाण्याकडे फिरकत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर: परळ किती खोल आहे? काठाशी २, मध्ये ५ सेंटिमीटर पुरे. आतून गुळगुळीत असेल तर पाय घसरतो. मधोमध खडबडीत दगड ठेवा, माथा पाण्याबाहेर. झुडपापासून २ मीटर लांब मांडा, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. वर एखादी फांदी मात्र हवीच, पक्षी आधी तिथून अंदाज घेतात.

उत्तर: पाणी रोज बदला आणि काथ्याने कड घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटतात, वाळली तरी कित्येक महिने तगतात. साबण नको.

प्रश्नकर्ता: मोजला, १० सेंटिमीटर निघाला!

उत्तर: मग तळाशी धुतलेली खडी भरा. शिंपी, दयाळ असे छोटे पक्षी उथळ पाण्यातच अंघोळीला उतरतात.