नर्व्ह ट्रान्सफरनंतर बोटं फाकत नाहीत, करंटचं मशीन घेऊ की बॉल?

शिवणवाली: डाव्या कोपरात काच घुसून अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी, बोटं फाकवणारी नस) तुटली. नस जोडली आणि सोबत ट्रान्सफर पण केलं, मनगटाच्या वर दुसऱ्या नसेची फांदी तिला जोडलीय. सहा महिने झाले, बोटं फाकत नाहीत, चिमटीत कापड धरवत नाही. दिवस शिलाईत जातो, व्यायामाला अर्धाच तास मिळतो. काय घेऊ?

अण्णा: मशीनच घ्या. गाडीवरून पडून माझा हात लुळा पडलेला, ट्रान्सफरनंतर रोज दोन तास करंट लावला, आज पाच किलोची पिशवी उचलतो.

ऋतू: अर्धा तास लिहिलंय ना त्यांनी. नस दिवसाला साधारण 1 मिमी वाढते, हाताच्या आतल्या बारीक स्नायूंपर्यंत पोचायलाच काही महिने लागतात, जोर त्यानंतर येतो.

सायकलस्वार: बॉल घ्या, मी दिवसभर दाबायचो. आणि मनगट वाकवत करा, मला तसंच शिकवलेलं, मनगट वाकवलं की कोपर वाकायचं.

ऋतू: तुमची नस मनगट वाकवणारी घेतली असणार म्हणून. ह्यांची बहुतेक तळवा पालथा करणारी असेल, ऑपरेशनचा कागद बघा. तसं असेल तर तळवा पालथा करायचा जोर लावत त्याच वेळी बोटं फाकवायची, मेंदूला त्या नसेचं जुनंच काम माहीत असतं. बॉलने मूठ आवळते, फाकवणारे स्नायू तसेच राहतात. माझ्या आईची तर्जनी आठव्या महिन्यात पहिल्यांदा जरा बाजूला सरकली, आम्ही दोघी रडलो.

मंजू: मी पण मशीनच सांगणार होते. पण आधी करंगळी सांभाळा, तिला काही कळत नाही. माझी गरम इस्त्रीला लागून सोलली तरी पत्ता नाही. स्प्लिंट (बोटं आखडू नयेत म्हणून लावायचा आधार) पण काढून ठेवायचे मी, बोटं आखडली, ती सोडवण्यातच चार महिने गेले.

अण्णा: मशीन कुठलं ते सांगू का?

शिवणवाली: कागद बघितला, पालथा करणारीच फांदी आहे. मशीन नको अण्णा, बॉल पण नको. टेबलावर कापड पसरताना तळवा पालथाच असतो, दर वेळी बोटं फाकवत पसरेन, दिवसात शंभरदा होईल. स्प्लिंट सैल झालाय तो थेरपिस्टकडून नीट करून घेते, आणि इस्त्रीच्या वेळी डावा हात लांब. आत्ता दहा मिनिटं केलं. हललं काही नाही, पण अंगठा आणि तर्जनीच्या मधे ओढ लागल्यासारखं वाटलं.